मावशीची ‘डिजिटल अरेस्ट’

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, औंध इथल्या कितीतरी घरांत साठी-सत्तरी ओलांडलेले आई-वडील एकटे राहतात आणि मुलं परदेशात असतात. माझ्या मावशीचं घरही त्यातलंच. तिची आयुष्यभराची पुंजी एका फोनने गेली. तोच फोन उद्या तुमच्या आईला येऊ शकतो, म्हणून हे लिहितेय.

‘तुमच्या आधारवर दुसरं सिम घेतलंय, त्या नंबरवरून गुन्हा घडलाय,’ अशी सुरुवात झाली. मग फोन ‘मुंबई क्राइम ब्रँच’कडे दिला गेला आणि लगोलग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस. त्याने तिचा आधार नंबर घडाघडा वाचून दाखवला आणि तिथेच तिचा विश्वास बसला. आधारची झेरॉक्स आपण कुठे कुठे देतो ते आठवून बघा. नंबर माहीत आहे म्हणून कुणी पोलीस ठरत नाही.

खरा डाव त्यापुढचा. ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. सांगितलंत तर मुलालाही आरोपी करू.’ रात्रभर कॉल चालू. शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या, त्यांना दारातूनच परत पाठवायला लावलं. सकाळी एफडी मोडून ‘तपासणीसाठी’ त्यांच्या खात्यात आरटीजीएसने पैसे पाठवायचा हुकूम, आणि बँकेत कुणी विचारलंच तर ‘फ्लॅट घेतोय’ म्हणायचं, हेही पढवलेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं. मावशीने तेच सांगितलं. तिला कुणी भोळी म्हटलं की मला चीड येते. शाळेत गणित शिकवण्यात तिचं आयुष्य गेलंय. रात्रभर जागं ठेवून पोराच्या नावाने धमकावलं, तर भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं.

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नाहीच. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की पैसे भरायला लावत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. पण घरातल्या माणसाने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं, म्हणून आजच आईला फोन करा. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द कानावर पडले की बोलणं तिथेच तोडायचं आणि शेजारची बेल वाजवायची, एवढं तिच्याकडून वदवून घ्या. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर बघता येतं. संशयास्पद कॉल तिथल्याच ‘चक्षू’मध्ये कळवता येतो.

पैसे गेलेच, तर पोलीस ठाण्याची वाट धरण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा आणि बँकेलाही कळवा. यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभर फिरवली जाते. ती कुठेतरी अडवायची तर लवकर कळवणं हाच उपाय. मावशीने आम्हाला सांगितलं दुसऱ्या दिवशी, तोवर बहुतेक सगळं निघून गेलं होतं. थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात गोठवली गेली आहे आणि ती सोडवून घेण्यासाठी आम्ही कोर्टात अर्ज केलाय.