एम्युलेटर की हातातला फोन?

अँड्रॉइड अ‍ॅप टेस्ट करायला काय बरं हा वाद प्रत्येक टीममधे असतोच, माझं विचाराल तर रोजचं काम फोनवर करा आणि एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) ठरावीक कामापुरता काढा. एक तर तो रॅम खातो, ८ जीबीच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर), ब्राउझर आणि एम्युलेटर एकदम उघडून बघा, फॅन असा घुमायला लागतो की बास. पण जुनं व्हर्जन, टॅबलेटची स्क्रीन, खोटं जीपीएस लोकेशन हे सगळं तिथे फुकटात मिळतं, त्यासाठी चार फोन कोण विकत घेणार?

लोकल सर्व्हरची, म्हणजे टेस्टिंगसाठी आपल्याच लॅपटॉपवर चालवलेल्या सर्व्हरची, भानगड मात्र दोन्हीकडे वेगळी. एम्युलेटरमधे लोकलहोस्ट (यंत्राचा स्वतःकडेच नेणारा पत्ता) म्हणजे तो एम्युलेटर स्वतःच, त्यामुळे लॅपटॉपवरचा सर्व्हर गाठायला १०.०.२.२ हा पत्ता द्यावा लागतो (नवीन पोरांचा अर्धा दिवस इथेच जातो). फोनला केबल लावून लॅपटॉपवर 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००' ही कमांड मारली (एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायचं टूल, ३००० हा सर्व्हरचा पोर्ट) की फोनचा लोकलहोस्ट सरळ लॅपटॉपच्या त्या पोर्टला जोडला जातो. केबलचा कंटाळा असेल तर अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, क्यूआर स्कॅन केला की झालं.

फोनचं पारडं जड होतं ते बॅकग्राउंड कामात. डोझ मोड (फोन नुसता पडून असताना अँड्रॉइड बॅकग्राउंडची कामं रोखून धरतं तो) एम्युलेटरवरही एडीबीने जबरदस्तीने लावता येतो, पण काही कंपन्या स्वतःचा जो बॅटरी सेव्हर वरून टाकतात तो तिथे नसतोच, आणि रात्री तुमचं सिंक गपचूप मारून टाकणारा नेमका तोच असतो.