लेबलाआधी तारीख: पुण्यातल्या बिअरची सहा महिन्यांची चाखणी

फेब्रुवारी ते जुलै, म्हणजे थंडी ओसरल्यापासून भिंतींना ओल येईपर्यंत, दर पंधरवड्याला एक बैठक. बिअर शॉपीतल्या बाटल्या आणि कॅन, शिवाय शहरातल्या मायक्रोब्रुअऱ्यांच्या, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणांच्या, ताज्या बिअर. ज्यांना पहिल्याच परिच्छेदात ‘सगळ्यात भारी कुठली’ हे हवंय त्यांची निराशा होणार आहे. एकाच ब्रँडच्या महिन्याभराच्या आणि पाच महिन्यांच्या बाटलीत जेवढा फरक लागला, तेवढा पुष्कळदा दोन वेगळ्या ब्रँडच्या ताज्या बाटल्यांतही लागला नाही. म्हणून खाली नावांपेक्षा तारीख, तापमान आणि ग्लास यांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी पद्धत. सगळे ग्लास एकाच आकाराचे, प्रत्येकात 60 मिली, बाहेरून कागद गुंडाळलेला. ओतणाऱ्याने त्या फेरीत चाखायचं नाही. दोन बिअरमध्ये खरंच फरक आहे का हे बघायला त्रिकोणी चाचणी बरी: तीन ग्लास, त्यातले दोन सारखे, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे नऊ वेळांपैकी निदान सहा वेळा ओळखलं तरच फरक धरायचा. ‘मी डोळे मिटून ओळखतो’ म्हणणाऱ्यांचा जोर इथे लवकर उतरतो. एका बैठकीत पाच, फार तर सहा बिअर. पुढे जीभ थकते आणि गोड, जास्त अल्कोहोलची बिअर उगाच पुढे जाते. क्रम हलक्याकडून जडाकडे, कडू आणि भाजक्या चवीच्या शेवटी. मधे साधा ब्रेड किंवा बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या आणि साधं, गार न केलेलं पाणी. मसाला शेंगदाणे चाखणी संपल्यावर.

ग्लासकडे कुणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. फेस लगेच बसला की लोक बिअरला ‘फ्लॅट’ म्हणतात, पण दोष भांड्याच्या साबणाचा किंवा तेलकट बोटांचा असतो. ग्लास आतून ओला करून मीठ भुरभुरा; जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलाचा थर आहे. खाण्याच्या सोड्याने घासून भरपूर पाण्याने धुवा आणि जाळीवर पालथा घाला. फडक्याने पुसू नका, धागे आणि वास दोन्ही राहतात. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडत असतील तर शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्याने करा. ओतण्याआधी गार पाण्याने एकदा विसळून घ्या, ग्लास तिरका धरून सुरुवात करा, अर्ध्यावर सरळ करा. वर दोन बोटं फेस यायलाच हवा. गंध त्यातूनच वर येतो; फेस म्हणजे काही मालकाने मारलेला काटा नव्हे.

तापमानाबाबत पुणेकर परमिट रूमचं एकच मागणं असतं: ‘एकदम चिल्ड’. 2 अंशांवर जवळपास सगळ्या लागर (थंड ठेवून सावकाश आंबवलेल्या, बहुतेक फिकट पिवळ्या बिअर) सारख्याच लागतात, दोषही लपतात आणि गुणही. लागरला 4 ते 6 अंश, गव्हाच्या बिअरला 6 ते 8, कडू, सुगंधी आयपीएला (इंडिया पेल एल) 7 ते 10, भाजलेल्या धान्याच्या काळ्या स्टाउटला 10 ते 12 ठीक. फ्रिजमधून काढलेली गव्हाची बिअर जुलैत दहा-बारा मिनिटं बाहेर ठेवायची, मेच्या दुपारी पाच मिनिटं पुरतात. फ्रीजरमधला बर्फाळलेला मग चाखणीसाठी बाद: आतलं बर्फ वितळून बिअर पातळ होते आणि फेस भसाभसा येतो. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन-तीन मुठी मीठ टाकून कॅन बुडवा, पंधरा मिनिटांत काम होतं. फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली मात्र फुटतेच.

आता तारीख. बाटलीबंद बिअरवर उत्पादनाची तारीख असते आणि मुदत बहुतेक वेळा सहा महिन्यांची. मुदत संपेपर्यंत बिअर ताजी राहते असा अर्थ काढू नका. बाटलीत उरलेला थोडासा ऑक्सिजन आणि बाहेरची उष्णता मिळून तिला म्हातारी करतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की ढोबळमानाने हा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधे रचलेल्या क्रेटचं काय होत असेल ते बघा. पहिली खूण म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास. पावसात भिजलेला खोका फाडताना येतो, अगदी तोच. मग हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि गंध देणारी फुलं) कडवटपणा बोथट होतो आणि मधासारखा गोडवा पुढे येतो. आमचा नियम: तीन महिन्यांच्या आतली, फ्रिजमधली, आणि शक्यतो खप जास्त असलेल्या दुकानातली. अनोळखी इम्पोर्टेड बाटली स्वस्तात मिळते तेव्हा आधी तारीख.

दुसरा शत्रू उजेड. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशात मोडतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. इंग्रजी पुस्तकं त्याला स्कंकचा वास म्हणतात. स्कंक आपल्याकडे कुणी पाहिलाय? आपल्या भाषेत जळका रबर आणि शिळी कॉफी यांच्या मधलं काहीतरी. तपकिरी काच चांगलं संरक्षण देते, हिरवी थोडं, पारदर्शक जवळजवळ काहीच नाही. शोकेसच्या ट्यूबलाइटखाली उभी असलेली हिरवी बाटली घेण्यापेक्षा त्याच बिअरचा कॅन घ्या. ‘कॅनला पत्र्याची चव येते’ हा आक्षेप थेट कॅनला तोंड लावल्याने येतो; ग्लासात ओतल्यावर तो राहत नाही.

माइल्ड लागरमध्ये किंगफिशर प्रीमियम, अल्ट्रा, टुबॉर्ग, बडवायझर आणि हायनेकन शेजारी ठेवल्या. ताज्या आणि सारख्या गार असतील तर पहिल्या तिघींत त्रिकोणी चाचणी अवघड जाते. अल्ट्रा जरा हलकी, मागे चव कमी ठेवणारी. प्रीमियमला धान्याचा गोडवा थोडा जास्त. बडवायझरमध्ये बार्लीसोबत तांदूळ असतो, त्यामुळे अंग, म्हणजे तोंडात लागणारा दाटपणा, पातळ आणि शेवट झटपट. कमी चव हा तिचा दोष नाही, तसा तो बेतच आहे. हायनेकन फक्त माल्टची (मोड आणून वाळवलेली बार्ली), तिच्या यीस्टमुळे किंचित फळाचा, केळ्याकडे झुकणारा गंध येतो. डोळे बांधून याच खुणेने ती सापडते. गंमत म्हणजे किंगफिशर बनवणारी युनायटेड ब्रुअरीज 2021 पासून हायनेकनच्याच ताब्यात आहे, तेव्हा ‘देशी विरुद्ध परदेशी’ हा वाद तसा एकाच घरातला. लेबलावर कारखान्याचं ठिकाणही वाचा. तळोजा किंवा वाळूज दिसलं तर माल फार लांबून आलेला नाही.

लागरमधले दोन दोष ओळखायला शिका. उकडलेल्या मक्याचा वास (सिंहगडावरचं भाजलेलं कणीस नव्हे, मॉलमधल्या कपातला मका) डायमिथाइल सल्फाइडचा. बार्लीचा अर्क उकळताना तो पुरेसा उडून गेला नाही की उरतो. थिएटरच्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास डायअसिटिलचा, म्हणजे यीस्टला काम पूर्ण करायला वेळ मिळाला नाही, किंवा नळीत जंतू झाले.

स्ट्राँगबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात 5 टक्क्यांपर्यंत माइल्ड, वर 8 टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. अल्कोहोल वाढवायला साखर किंवा सिरप वापरलेलं असलं की अंग वाढत नाही, नुसती घशात ऊब आणि थिनरसारखी छटा येते. गार असताना ती दबते, ग्लास कोमट झाला की उघडी पडते. हिशोब मात्र सगळ्यांनी करावा: स्ट्राँगची 650 मिलीची बाटली गुणिले 8 टक्के म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचे 30 मिलीचे चार पेग जवळपास तेवढेच. 5 टक्क्यांच्या 330 मिली पिंटमध्ये 16.5 मिली. ‘एकच बाटली घेतली’ म्हणणाऱ्याने तीन माइल्ड पिंट घेतलेल्या असतात. गाडी घरी ठेवा, रिक्षा बोलवा.

इथेच ग्लिसरीनची दंतकथा. बाटली पाण्याच्या ग्लासात पालथी धरली की खाली जड धारा उतरताना दिसतात आणि लोक म्हणतात, बघा ग्लिसरीन निघालं. विरघळलेल्या शर्करेमुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली सरकते आणि तिची जागा पाणी घेतं. थोडक्यात तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या बिअरमध्ये पाणी घालता, बाकी काही निघत नाही.

गव्हाच्या बिअरमध्ये दोन घराणी वेगळी ठेवा. बेल्जियन विट, म्हणजे होगार्डन आणि त्या वळणाच्या बिअर: त्यात धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते. जर्मन हेफेवायझनमध्ये मसाला काहीच नसतो. केळं आणि लवंग दोन्ही यीस्टच करतं. आंबवण उबदार ठेवली तर केळं पुढे येतं. माल्ट 43 ते 45 अंशांना थोडा वेळ धरला तर लवंग वाढते. बाटलीतली गव्हाची बिअर ओतताना शेवटचा चौथा हिस्सा ठेवा, बाटली गोल हलवा, तळाचं यीस्ट उठू द्या आणि मग ओता. अर्धी मजा तळाशीच ठेवून बाटली कचऱ्यात टाकणारे अजूनही दिसतात.

पुण्यातल्या क्राफ्ट बिअरची, म्हणजे लहान ब्रुअऱ्यांच्या बिअरची, सुरुवात 2009 मध्ये डूलालीने झाली. नाव आपल्या देवळालीवरून आलेलं: तिथल्या ब्रिटिश छावणीत मायदेशी परतायची वाट बघत सैनिकांचं डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा. आता इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट, टोइट असे पर्याय आहेत. मूनशाइनची मीड मधापासून होते, ती बिअर नव्हे, तिला वेगळ्या रांगेत बसवा. टॅपवरच्या ताज्या हेफेवायझनला बाटलीतली आयात बिअर क्वचितच गाठते, कारण केळं-लवंगेचा तो गंध आठवड्यांत उतरत जातो. आयपीएचं तर त्याहून वाईट: ड्राय हॉपिंगमधून (न उकळता, नंतर घातलेल्या हॉप्समधून) आलेला आंबा-लिंबाचा सुगंध आधी जातो आणि नुसता कडूपणा उरतो. म्हणून आयपीए ब्रुअरीतच. स्टाउट आणि जरा जड बिअर थोडी कळ काढतात.

टॅपवर विचारायचे दोन प्रश्न: हा पिंप कधी लागला, आणि नळ्या कधी धुतल्या? दोन आठवड्यांत एकदा धुवायच्या असतात. लागरमध्ये आंबट किंवा लोण्याची चव आली तर आधी नळीवर संशय घ्या, ब्रुअरवर नंतर. मंगळवारी न खपलेला प्रकार आणि शनिवारी भराभर संपणारा प्रकार यांत फरक लागतो. मेन्यूतली सगळ्यात विचित्र चव कमी खपते, तिचा आधी टेस्टर मागा. सँपलरचे, म्हणजे थोडं थोडं सगळं चाखायचे, छोटे ग्लास एकदम येतात, तेव्हा शेवटचा ग्लास कोमट आणि मेलेला असतो. दोन-दोन मागवा.

खाण्याशी जोड: आयपीए आणि झणझणीत मिसळ एकत्र नको, हॉप्सचा कडूपणा, अल्कोहोल आणि गॅस मिळून तिखट आणखी भडकवतात. मिसळीला गोडसर हेफेवायझन सांभाळून घेते. सुरमई फ्रायला धण्याची विट. बाकरवडी आणि ताजी गव्हाची बिअर ही पुण्याने जगाला द्यायला हरकत नसलेली जोडी, दोन्हीत गोड आणि मसाला शेजारीच बसलेले. मटण सुक्क्याला स्टाउट, भाजलेल्या खोबऱ्याला भाजलेलं माल्ट.

ज्या ब्रुअरीत ग्राउलर (ताजी बिअर घरी न्यायची झाकणाची मोठी बाटली) भरून मिळतो तिथून नेताना तो काठोकाठ भरून घ्या, वर हवा राहू देऊ नका. मुंढव्याहून कोथरूडला संध्याकाळच्या गर्दीत तासभर लागतो, तेव्हा बर्फाची पिशवी सोबत हवी आणि ग्राउलर डिकीत नको. घरी फ्रिजमध्ये उभा ठेवायचा, दोन-तीन दिवसांत उघडायचा, आणि झाकण एकदा उघडलं की त्याच संध्याकाळी संपवायचा. दुसऱ्या दिवशी उरतं ते गार केळ्याचं पाणी.