शेळीनं करडू ढुशी मारून बाजूला केलं, तरी मी पैसे मोजले

५७,००० रुपये. त्यातले ५०,००० बचत गटाचे, महिना शेकडा १ रुपया व्याजाने उचललेले, आणि ७,००० घरातले. हे पैसे मी एका शनिवारी सकाळी, साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, आठवडे बाजारात घालवले आणि चार शेळ्या टेम्पोत चढवून घरी आणल्या. आज दावणीला दोन उरल्यात. दोघींचं मिळून दिवसाला सहाशे-सातशे मिली दूध निघतं. हे लिहायला मला तीन महिने लागले. गटाच्या मीटिंगला गेले की मान खाली घालून बसत होते. पण परवा शेजारच्या गावची एक पोर विचारायला आली, "ताई, दुधाच्या शेळ्या कुठून घेतल्या? मलाही कर्ज मंजूर झालंय." त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून लिहितेय.

आम्ही अकोले तालुक्यातले. जमीन सव्वा एकर. गाय घ्यायची ऐपत नव्हती आणि तिच्या पेंडीचा खर्चही झेपला नसता. बांधावर सुबाभूळ आणि शेवरी आहे, पलीकडे बोरी-बाभळी आहेत, तेवढ्यावर चार शेळ्या आरामात निघतात. गावातल्या दोन घरांनी रतीब लावायचं कबूल केलं होतं. मी काही आंधळेपणाने उडी मारली नाही. माहेरी शेळ्याच होत्या, लहानपणापासून धार काढलीय. आमच्या भागातली संगमनेरी शेळी पाऊण-एक लिटर दूध द्यायला लागली की आम्ही तिला दुधाळ म्हणतो, हे मला पक्कं माहीत. हेडी, म्हणजे जनावरं विकणारा दलाल, म्हणाला, या सुरती जातीच्या आहेत, दोन लिटर कुठे गेलं नाही. मी मनात त्याच्या निम्मंच धरलं. चार शेळ्या, चार लिटर. आता कुणी म्हणो की मी हावरटपणा केला.

चारही पांढऱ्याशुभ्र, आखूड पायांच्या, कासा टम्म. सुरतीची कास मोठी आणि सड जाड असतात, हे ऐकून होते, त्यामुळे ते ध्यान बघून मन बसलं. पण ऐका, पांढरी शेळी म्हणजे सुरती नव्हे. कुठलीही पांढरी शेळी सुरती म्हणून खपवतात. आणि टम्म कास म्हणजे दूध नव्हे, ते तुंबवलेलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. बाजारात आणायच्या आदल्या दिवसापासून धार काढत नाहीत, हे कुणाला माहीत नाही? मी धार काढून बघते म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "ताई, आता काढलीत तर करडं उपाशी राहतील, दोन तासांचा प्रवास आहे." मला करडांची दया आली.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं भणभणतं.

प्रत्येक शेळीबरोबर एकेक करडू होतं. "व्यायलेली दुधाची शेळी, करडू फुकट," असं तो ओरडत होता. तिसऱ्या नंबरची शेळी मी जरा बाजूला घेतली, तेव्हा तिचं म्हणून दाखवलेलं करडू कासेकडे गेलं. शेळीने मान वळवून त्याची शेपटी हुंगली. आई हुंगते तशी नाही, नाक फेंदारून, दोनदा. मग तिने त्याला डोक्याने अशी ढुशी दिली की ते माझ्या पायात येऊन पडलं. पुन्हा गेलं, पुन्हा ढुशी. करडू केविलवाणं ओरडत होतं आणि ती दुसरीकडे बघत रवंथ करत होती. मी ते बघितलं. माझ्या पोटात काहीतरी झालंच. आई आपलं पोर असं ढकलत नाही, हे मला आईने शिकवलं होतं, तेही शेळीच्याच बाबतीत. हेड्याने करडू उचललं, शेळीचे मागचे पाय दाबून धरले आणि सड त्याच्या तोंडात दिला. "गर्दीनं बावरलीय. घरी गेल्यावर बघा कशी चाटते." नवरा म्हणाला, टेम्पोवाला खोळंबलाय. बाजूला एक माणूस उभा होता, पांढरी टोपी, हातात काठी. तो म्हणाला, "यांना नको असतील तर चौदा हजाराने मी घेतो, सोडा बाजूला." माझा भाव साडेतेरावर आला होता. मी घाईघाईने "घेतल्या" म्हणाले.

पैसे मोजून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी तोच टोपीवाला हेड्याच्या शेजारी बसून चहा पीत होता. तेव्हाही मी थांबले नाही. आपणच आपल्याला समजावतो, ओळखीचे असतील म्हणून.

हिशेब असा: चार शेळ्या, दर १३,५००, एकूण ५४,०००. त्यातले ४०,००० रोख आणि १४,००० फोनवरून पाठवले. दलाली ८००. टेम्पो २,२००. फोनवरून पैसे पाठवताना पडद्यावर एका बाईचं नाव आलं. "माझ्या बायकोचं खातं," म्हणाला. पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं निघालं की तिथल्या तिथे हात आखडायचा, त्याच्या आधार कार्डाचा फोटो मागायचा, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. मी यातलं काही केलं नाही. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरला होता, कागद तर नव्हताच. बाजारात असंच चालतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण बोटांचा पुरावा पोलिसांना दाखवता येत नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी धार काढायला बसले. पहिल्या शेळीचा सड धरला तर टोकाला बोट सरकलं. उजेडात बघितलं. सडाच्या भोकावर पातळ, चकचकीत पापुद्रा. नखाने खरवडला तर डिंकासारखा एका तुकड्यात निघून आला, आणि तो निघाल्याबरोबर दूध आपोआप ठिबकायला लागलं. शेळीने पाय झाडले, दुखत असणार. चारही शेळ्यांच्या आठही सडांना तसंच. बाजारात मी ते पाहिलं होतं, पण मला वाटलं, दूध सुकून चिकटलंय. मुक्या जनावराच्या अंगात दूध कोंडून ठेवायचं आणि वरून भोकं बुजवायची, हे करणाऱ्याच्या घरी लेकरं नसतील का?

त्या संध्याकाळी चौघींचं मिळून साडेतीन लिटर निघालं. नवरा खूश. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून सव्वा लिटर. तिसऱ्या दिवशी नऊशे मिली. दुसऱ्या शेळीच्या डाव्या सडातून पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या गुठळ्या आल्या. ती अर्धी कास हाताला दगडासारखी लागत होती. दगडी, म्हणजे कासेचा आजार, झालेली, तीही जुनी. घेताना दोन्ही सडांच्या पहिल्या चिळा काळ्या कापडावर किंवा ताटलीत पाडून बघा, गुठळी लगेच दिसते. ज्याला धार दाखवायची नाही त्याची शेळी घ्यायचीच नाही, मग करडं उपाशी राहोत नाहीतर तो स्वतः.

चौथीचं तोंड त्याने मला उघडू दिलं नव्हतं, "चावते" म्हणून. शेळीला वरचे पुढचे दात नसतातच, सगळं वय खालच्या आठ दातांवर कळतं. दोन दाती साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार दाती दोनच्या आसपास, सहा दाती तीनच्या, मग जुळते, म्हणजे आठही दात पुरे होतात. दुधासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वेताची घ्यावी. डॉक्टरांनी चौथीचं तोंड उघडलं तर दात झिजून खुंट झालेले, मध्ये फटी. "म्हातारी आहे हो ही," एवढंच म्हणाले. ती मी खाटकाला ५,२०० ला दिली. देताना बाहेर येऊन उभीसुद्धा राहिले नाही.

तिसरी, ती करडाला ढुशी देणारी, सातव्या दिवशी तापाने फणफणली. नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, पातळ संडास. नवव्या दिवशी गेली, तिच्यामागे दोन करडं गेली. डॉक्टर म्हणाले, लक्षणं पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची दिसतात. लस दिली असती तर वाचली असती. पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षं पुरते आणि सरकारी दवाखान्यातून मिळते. हेडी म्हणाला होता, "सगळ्या लसी झाल्यात." मग कानात बिल्ला का नाही, हे मी विचारलं नाही. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, त्यावर जनावराची नोंद असते. बिल्लाच नसला तर "लसी झाल्यात" या बोलण्याला काही किंमत नाही. आणि नवीन शेळी आणली की दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. मी चारही सरळ गोठ्यात घातल्या. घरची जुनी शेळी नव्हती म्हणून तेवढं तरी वाचलं. औषधपाण्याला ३,८५० गेले.

आता सरकारी दारं.

शेळी मेली त्या सकाळी ९ वाजता पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. डॉक्टर दुसऱ्या गावी शिबिराला. १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरला लावला, गाडी उद्या येईल म्हणाले. मेलेलं जनावर उन्हात ठेवायचं किती? पुरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, शवविच्छेदन झालं असतं तर दाखला देता आला असता. मग ते कधी करायचं होतं? विमा नव्हताच, बिल्ल्याशिवाय विमा नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा दोन तास बाकावर बसवलं आणि हवालदार म्हणाले, "बाई, बघून घेतल्यात ना? मग आता काय?" बघून घेतलं म्हणजे फसवणूक माफ का? सोनाराने पितळ दिलं तर तेही बघूनच घेतलेलं असतं. दुसऱ्यांदा सांगितलं, "फसवणुकीचं कलम ४२० आता राहिलं नाही, ३१८ आहे, पण आधी आरोपीचं नाव-पत्ता आणा." नाव-पत्ता मी शोधायचा तर तुम्ही काय करणार? तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला होते. अर्जाची पोच मागितली तर "ठेवून जा, बघू" म्हणाले.

बाजार समितीत गेले. बाजारात येणाऱ्या प्रत्येक जनावरामागे तिथे पावती फाडतात, विकणाऱ्याचं नाव लिहितात. तो रजिस्टर दाखवा म्हटलं तर कारकून म्हणाला, "व्यवहाराशी आमचा संबंध नाही, आम्ही जागा देतो." पैसे घ्यायला संबंध आहे, नाव सांगायला नाही.

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन केला. त्यांनी सगळं विचारून सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः वस्तू बघून दिलेत, स्थानिक ठाण्यात जा. बँकेत गेले, त्या बाईच्या खात्याचा पत्ता मागितला. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेतून माहिती आणा. चाळीस रुपयांचं एसटीचं तिकीट काढून मी या दोन टेबलांमध्ये फिरतेय आणि तो माणूस पुढच्या शनिवारी पुन्हा बाजारात.

तालुक्याला वकिलाकडे काम करणाऱ्या एका मुलाने दोन गोष्टी सांगितल्या, त्या पुढे देते. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, कायद्यात तशी सोय आहे. मी पाठवलीय, पोचपावती जपून ठेवलीय. आणि ग्राहक आयोगात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून धंदा करायला घेतलेली वस्तू असेल तर आपण ग्राहकच ठरतो. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तिथेही समोरच्याचं नाव-पत्ता हवाच.

शेळी घ्यायचीच तर मालकाच्या गोठ्यावर जाऊन घ्या. संध्याकाळची धार तुमच्या डोळ्यांसमोर पूर्ण काढायला लावा, मुक्काम करा, सकाळची पुन्हा बघा. दोन धारांची बेरीज हेच खरं दूध. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, आत लालसर हवी. पांढरीफटक असेल तर पोटात जंत असतील. आणि आईला करडू लावून बघा. हे पहिलं करा, बाकी सगळं नंतर.

गेल्या शनिवारी मी गटाच्या अध्यक्षबाईंना घेऊन त्या बाजारात गेले. तो हेडी नव्हता. त्याच जागेवर दुसराच कुणीतरी पाच पांढऱ्या शेळ्या बांधून उभा होता आणि एक म्हातारे बाबा नातवाला घेऊन भाव करत होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, आधी धार काढून दाखवायला सांगा." हेडी अंगावर आला, "तुमचा काय संबंध? निघा इथून." मी खाली बसले आणि जवळच्या शेळीच्या सडाला नख लावलं. पापुद्रा निघाला. तो बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो जवळून बघितला, काही न बोलता पैशांची पिशवी शर्टाच्या आत घातली आणि नातवाचा हात धरून निघून गेले.

हेड्यांनी आमच्याभोवती गर्दी केली, शिव्या दिल्या. समितीचा माणूस आला तो आम्हालाच बाहेर काढायला. येत्या शनिवारी आम्ही गटातल्या सहाजणी जाणार आहोत.