स्लीव्हनंतर आठ महिने, व्हे प्रोटीनचे पाच डबे: पावडर चालेल, फेस नको

एकेक किलोचे पाच डबे संपवून हे लिहितोय. स्लीव्ह म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळीएवढंच पोट ठेवण्याची शस्त्रक्रिया. अडचण अशी की दिवसाचं ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन एवढ्याशा पोटात बसवायचं कसं, आणि त्यासाठी ही महागडी व्हे पावडर (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) किती दिवस विकत घ्यायची.

सगळ्यात मोठी तक्रार फेसाची. डब्याबरोबर फुकट येणारा शेकर जिमवाल्यांसाठी आहे. त्यात पावडर खळखळवली की बोटभर फेस येतो आणि घोटाघोटाला हवा पोटात जाते. धडधाकट पोट ढेकर देऊन मोकळं होतं. ताज्या टाक्यांच्या अरुंद नळीत तीच हवा छातीखाली दाटते आणि खापर फुटतं पावडरीवर, ‘मला प्रोटीन सोसत नाही’ म्हणून. वाटीत एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) पावडर घ्या, दोन चमचे गार पाणी घालून चमच्याने घोटा, गुठळी मोडली की हळूहळू १५० मिली पाणी घाला आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. फेस बसतो. रवी, मिक्सर, स्ट्रॉ यातलं काहीही नको. उकळत्या दुधात तर टाकूच नका, व्हे आळून रबरासारख्या गुठळ्या होतात. पहिल्या दोन आठवड्यांत औषधाचं ३० मिलीचं मापटं, दर पंधरा मिनिटांनी एक. म्हणजे एका स्कूपला तासभर लागतो, लागू दे.

पहिला डबा कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे कमी गाळलेल्या व्हेचा होता, स्वस्त म्हणून. गुडगुड, गॅस, पातळ शौच. दोष त्यातल्या लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. आयसोलेटवर (जास्त गाळलेलं, लॅक्टोज अगदी कमी) गेल्यावर थांबलं, म्हणजे बचत अंगलट आली.

‘घरचं अन्न असताना डबा कशाला’ हे मत पहिल्या सहा आठवड्यांपुरतं मागे घ्यावं लागलं. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रोटीन, आणि ती वाटीही संपत नाही. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४-२५ ग्रॅम. तिथे पर्याय नाही.

सातव्या आठवड्यानंतर मात्र पावडर पुन्हा चैनच. अर्धा लिटर दही रात्रभर फडक्यात टांगलं की चक्क्यात साधारण १२-१३ ग्रॅम मिळतं, साखर न घालता दोन वेळांत खाता येतं. (खाली जी निवळी ओतून देतो, तिच्याच भाऊबंदाला डब्यात भरून विकतात.) दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, पनीर १०० ग्रॅमला १८ च्या आसपास. ताटात आधी हे, मग भाजी, भाकरी शेवटी आणि वरणात कुस्करून. मऊ पोळीचा गोळा होऊन अडकतो. उचकी लागली, नाक वाहू लागलं की पोट भरलं समजा, तोच शेवटचा घास. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

कॅल्शियम सायट्रेट आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, पावडर त्यांची जागा घेत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात ते झपाट्याने वजन उतरल्यामुळे. स्कूप दुप्पट करून थांबत नाहीत. उलट्या थांबतच नसतील तर ब्रँड बदलत बसू नका, दवाखाना गाठा, शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व फार लवकर संपतं.

सहावा डबा घेणार नाही. स्कूप तेवढा जपून ठेवलाय: सपाट भरून साधारण ६०-७० मिली, चौथ्या आठवड्यात एका वेळचं वरण तेवढंच.