स्टर्नड्राइव्हमध्ये तुटलेला, जाम झालेला स्क्रू: उष्णता, वेल्डिंग, एक्स्ट्रॅक्टर की ड्रिल?

स्टर्नड्राइव्ह म्हणजे नौकेच्या आतल्या इंजिनाला जोडलेला, मागच्या बाजूला बाहेर बसवलेला पंख्याचा गिअर-संच. त्याचे आवरण ॲल्युमिनियमचे ओतीव असते आणि त्यातले स्क्रू व बोल्ट बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम, स्टेनलेसला फारसे काही होत नाही. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमधल्या बारीक फटीत ठासून बसते. बोल्ट फिरवायला जोर लावावा, तर आटे सुटण्याऐवजी डोके तुटून हातात येते.

कोणता उपाय निवडायचा, हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी नक्की करायला हव्यात: बोल्ट कशामुळे तुटला आणि तो कोणत्या भागात तुटला. बोल्ट जाम नसताना केवळ जास्त आवळल्यामुळे तुटला असेल, तर आत उरलेला तुकडा मोकळाच असतो आणि जवळजवळ कोणत्याही उपायाने निघतो. गंजामुळे जाम होऊन तुटला असेल, तर पूर्ण जाडीच्या बोल्टला जे जमले नाही, तेच काम आता त्याच्या उरलेल्या तुकड्याकडून करून घ्यायचे असते. पुढची सगळी तुलना या दुसऱ्या, अवघड प्रसंगाची आहे.

भागाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लोअर युनिट (पंखा असलेला खालचा भाग) किंवा वरचे गिअरकेस नौकेपासून सुटे करून टेबलावर किंवा कारखान्यात नेता येते. गिंबल हाउसिंग, म्हणजे हा संच धरून ठेवणारी चौकट, मात्र ट्रान्समवर (नौकेच्या मागच्या भिंतीवर) बसवलेले असते आणि बहुतेक रचनांमध्ये ते काढायचे झाले तर आधी इंजिन बाहेर काढावे लागते. त्यामुळे टेबलावर जो उपाय पहिल्या क्रमांकाचा ठरतो, तो नौकेच्या पाठीशी गुडघ्यावर बसून करताना धोक्याचा ठरू शकतो.

झिरपणारे तेल आणि उष्णता

झिरपणारे तेल वापरण्याचा सल्ला सगळेच देतात आणि ते वापरून नुकसानही काही नाही. परंतु त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. भोक आरपार असेल आणि दोन्ही बाजूंनी तेल सोडता येत असेल, तर रात्रभर भिजवून काही फरक पडतो. बंद भोकात मात्र भुकटी इतकी घट्ट बसलेली असते की तेल पहिल्या एक-दोन आट्यांच्या पुढे क्वचितच पोहोचते.

उष्णतेचा परिणाम याहून कितीतरी खात्रीचा असतो आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. तापमान एका अंशाने वाढले की ॲल्युमिनियम दर मीटरला सुमारे 23 मायक्रॉन प्रसरण पावते, तर स्टेनलेस 16 ते 17 मायक्रॉन. म्हणजे 8 मिमी व्यासाच्या बोल्टभोवतीचे आवरण 150 अंशांनी तापवले, तर भोक बोल्टपेक्षा जेमतेम 7 ते 8 मायक्रॉनने अधिक मोठे होते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण आट्यांमधली क्षाराची पकड ठिसूळ असते आणि ती मोडायला एवढी हालचाल बऱ्याचदा पुरते. म्हणूनच ज्योत बोल्टवर नव्हे, तर बोल्टच्या भोवतालच्या ॲल्युमिनियमवर फिरवावी, एकदा तापवून, थंड होऊ देऊन पुन्हा तापवावे आणि बोल्ट सोडवण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ॲल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही. ते वितळू लागेपर्यंत डोळ्यांना काहीच कळत नाही, आणि ओतीव मिश्रधातू 600 अंश सेल्सियसच्या आतच वितळू लागतो. त्याच्या कितीतरी आधी, 200 अंशांच्या पुढे फार वेळ ठेवल्यास, ओतकामाला दिलेली ताकद कमी होऊ लागते. तेव्हा तापमान दाखवणारा खडू वापरावा. इन्फ्रारेड तापमापकाचा भरवसा धरू नये, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. जवळचे ऑइल सील आणि ओ-रिंग या कामात जाणारच असे धरून चालावे आणि बंद पोकळीतले तेल काढून तिचे झाकण उघडे ठेवावे. ट्रान्समवर असलेल्या गिंबल हाउसिंगला ज्योत लावणे मात्र टाळलेलेच बरे: शेजारी रबराचे बेलोज (घड्यांच्या नळ्या) असतात, मागे फायबरग्लास असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती नौकेच्या तळाशी साचून राहते. तिथे फार तर हीट गन वापरावी आणि तीही तळ पूर्ण हवेशीर केल्यावर.

तुकड्यावर नट वेल्ड करणे

टेबलावर आणलेल्या भागासाठी माझी पहिली पसंती याच उपायाला आहे. तुटलेला तुकडा पृष्ठभागाच्या वर असो, बरोबरीला असो किंवा थोडा आत असो, त्यावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरायचे, लाली जाईपर्यंत थांबायचे आणि नट पान्याने हळूहळू पुढे-मागे हलवायचा. यात दोन कामे एकदम होतात: फिरवायला नवे डोके मिळते, आणि वेल्डची उष्णता बोल्टच्या गाभ्यातून थेट आट्यांपर्यंत जाऊन तिथली पकड मोडते. स्टीलचे वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोकाच्या कडेला लागलेले थेंब सहसा उडवून टाकता येतात. पहिला नट तुटून येणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. दुसरा, तिसरा लावायचा, कारण प्रत्येक वेळी मिळणारी उष्णता पकड आणखी ढिली करत जाते.

या उपायाची किंमत कौशल्यात मोजावी लागते. 6 मिमीपेक्षा बारीक स्क्रूवर नट धरवणे कठीण जाते, आणि आर्क नवख्या हातात भरकटला तर भोकाची कडच वितळते. अर्थिंगचा चिमटा त्याच ओतकामावर, बोल्टच्या जवळ लावावा. दूर लावल्यास प्रवाह बेअरिंगमधून वाहतो आणि त्यांच्या धावपट्ट्यांवर खड्डे पडतात. नौकेवरच वेल्ड करायचे झाले तर बॅटरी आणि इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आधी सोडवावे लागतात. भाग साफ करताना क्लोरीनयुक्त क्लीनर वापरला असेल तर तिथे वेल्डिंग करूच नये. त्याचा अंश तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि इथे थोडेसे चालेल असा हिशेब करता येत नाही.

एक्स्ट्रॅक्टर

तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून त्यात रुतवायचे आणि उलटे फिरवून तुकडा बाहेर काढायचे, दुकानात सर्वात सहज मिळणारे हे साधन गंजून जाम झालेल्या बोल्टसाठी मात्र सर्वात वाईट निवड आहे. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 8 मिमी बोल्टचा आट्यांच्या तळाशी व्यास साधारण 6.6 मिमी असतो. त्यात भोक पाडून 4 मिमी जाडीचा एक्स्ट्रॅक्टर घातला, तर धातू तोच धरल्यास त्याची ताकद मूळ बोल्टच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरते. एक्स्ट्रॅक्टरचे पोलाद पाणी दिलेले असल्यामुळे ही तूट काही अंशी भरून निघते, पण त्याच पाण्यामुळे तो ठिसूळ होतो आणि वाकण्याऐवजी काचेसारखा तुटतो. शिवाय निमुळता, पीळदार एक्स्ट्रॅक्टर तुकड्याला आतून फाकवतो आणि आट्यांवरचा दाब वाढवतो. तो आत तुटला की साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. सरळ खाचांचा एक्स्ट्रॅक्टर फाकवत नाही, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा. पण तोही आवरण तापवून, आणि जोर कुठे थांबवायचा हे आधी ठरवून वापरावा.

ड्रिल करून काढणे

गिंबल हाउसिंगसाठी बहुतेक वेळा हाच मार्ग उरतो, आणि नीट तयारी केली तर तो वाईट नाही. अडचण एकच आहे, पण मोठी आहे: स्टेनलेस कठीण आणि भोवतीचे ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे बिट संधी मिळताच मऊ बाजूला सरकते आणि भोक वाकडे जाते. तुटलेला माथा कानशीने सपाट करणे, मध्य काळजीपूर्वक काढून पंच मारणे आणि शेजारच्या चांगल्या भोकांना बोल्टने बसवलेल्या स्टीलच्या मार्गदर्शक पट्टीतून ड्रिल करणे, यात गेलेला वेळ वाया जात नाही. स्टेनलेस घासले गेले की आणखी कठीण होते. म्हणून फेरे कमी, दाब भरपूर, कापणीचे तेल सतत आणि बिट कोबाल्टची असावी. बिट नुसती घासत ठेवली की पुढचे काम स्वतःच अवघड करून ठेवल्यासारखे होते.

ड्रिल करायचेच असेल तर डाव्या हाताची बिट (उलट फिरवल्यावर कापणारी) उलट्या फेऱ्यांवर वापरावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी जादा काहीच करावे लागत नाही. भोक पडता पडता बिट तुकड्याला सुटण्याच्या दिशेने पिळत असते आणि कापणीची उष्णता व कंपने मदतीला असतात. तुकडा वाटेतच फिरून बाहेर आला तर बाकीचा प्रश्नच मिटतो. न आल्यास 8 मिमी बोल्टसाठी 6.5 मिमीपर्यंत भोक मोठे करावे. मध्य अचूक असेल, तर उरलेला पातळ पापुद्रा आणि आट्यांची वेटोळी टोकदार साधनाने ओढून काढता येतात. भोक सरकले असेल, तर आट्यांचे इन्सर्ट बसवावे लागते: तारेच्या हेलिकॉइलला 8 मिमी बोल्टसाठी साधारण 8.3 मिमीचे भोक लागते, तर टाइमसर्टसारख्या भरीव बुशला त्याहून मोठे, पण तो अधिक टिकाऊ असतो आणि वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जागी तोच बसवावा. ड्रिलची खोली बिटवर पट्टी चिकटवून आधी ठरवावी, कारण बंद भोकाच्या तळापलीकडे तेलाची पोकळी किंवा पाण्याचा मार्ग असू शकतो.

स्पार्क इरोजन

विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारे हे यंत्र तुकडा किती कठीण आहे हे पाहत नाही. आत तुटलेला टॅप (आटे पाडायचे हत्यार) किंवा एक्स्ट्रॅक्टरही त्याने निघतो आणि मूळ आटे शाबूत राहतात. सुट्या होणाऱ्या महागड्या ओतकामासाठी, विशेषतः एकदा घरी प्रयत्न फसल्यानंतर, दुसरी वाट शोधू नये. आत तुटलेला टॅप साध्या किंवा हायस्पीड स्टीलचा असेल, तर तुरटीच्या गरम द्रावणात भाग बुडवून ठेवल्यास तो हळूहळू विरघळतो आणि ॲल्युमिनियम जवळपास तसेच राहते. पण स्टेनलेसच्या बोल्टवर तुरटीचा उपयोग होत नाही, हे लक्षात घ्यावे.

निवडीचा क्रम यातून असा लागतो. सुटा भाग आणि 6 मिमी किंवा अधिक जाडीचा बोल्ट असेल, तर उष्णता, आणि ती पुरली नाही तर वेल्ड केलेला नट. बारीक स्क्रू असेल, तर उष्णतेसोबत डावी बिट. नौकेवरचे गिंबल हाउसिंग असेल, तर मार्गदर्शक पट्टीतून ड्रिल. वेल्डिंगचा सराव नसेल तर सुटा भाग सरळ कारखान्यात पाठवावा. नवा बोल्ट बसवताना आट्यांना टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखे, दोन धातूंना वेगळे ठेवणारे संयुग लावावे, किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेले सीलंट वापरावे. तांबे किंवा ग्रॅफाइट असलेली पेस्ट इथे वापरू नये, कारण खाऱ्या पाण्यात ती ॲल्युमिनियमची झीज वाढवते. असे काही लावलेल्या ओल्या आट्यांवर पुस्तिकेतला कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) तसाच लावला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो, तेव्हा आकडा कोणत्या स्थितीसाठी दिला आहे हे पाहूनच पाना फिरवावा.