झोन दाखला आणि भाग नकाशा: हाती काय येतं, काय सुटतं

जमीन घेण्याआधी सातबारा सगळेच काढतात. तिथे घर बांधता येईल का, हे मात्र सातबारा सांगत नाही. ते ठरतं प्रादेशिक योजनेत किंवा विकास आराखड्यात, आणि खरेदीदाराच्या हाती तो आराखडा पडतो झोन दाखल्याच्या रूपाने, म्हणजे गट रहिवासात येतो की शेतीत, हे सांगणाऱ्या कागदाच्या रूपाने. या सेवेला पाचपैकी साडेतीन.

अर्ज सोपा आहे. महापालिका-नगरपालिका हद्दीत त्यांचा नगररचना विभाग, प्राधिकरणाच्या हद्दीत प्राधिकरण, बाकी गावांसाठी जिल्ह्याचं नगर रचना कार्यालय. ताजा सातबारा, गटनकाशा आणि शुल्क लागतं. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटाच्या हद्दी दिसतात, झोन दिसत नाही. त्यावर विसंबू नका.

दाखल्याबरोबर भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशाचा तुमच्या गटापुरता तुकडा, मागाच. नुसत्या दाखल्यावर ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ एवढंच येऊ शकतं. मग रस्त्याकडचा तुकडा पिवळ्या (रहिवासाच्या) पट्ट्यात की मागचा, हे कळायचं कसं? हिश्शांचं तर आणखी अवघड. मूळ नकाशात पूर्ण गट असतो, नंतर पडलेले पोटहिस्से नसतात. दाखला अख्ख्या गटाचा आणि खरेदी मात्र त्यातल्या एका हिश्श्याची.

खरी कमजोरी आहे ती रेघेत. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. झोनची हद्द गटातून ४० मीटर जात असेल आणि ती हे पाच मीटर सरकली, तर २०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे, रहिवासातून शेतीत जातात. छायाप्रत मोठी करून फूटपट्टीने मोजणाऱ्या एजंटावर म्हणूनच अजिबात भरवसा ठेवू नये. रेघ गटातून जात असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि त्या मोजणी नकाशावर (‘क’ प्रतीवर) झोन डिमार्केशन, म्हणजे झोनची हद्द आखून, मागा. वेळ जातो, पण साठेखताआधी गेलेला परवडतो.

दाखला कोणत्या योजनेवरून दिलाय, तेही वाचा. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने रद्द केला. प्रारूपातला पिवळा रंग पाहून पैसे गुंतवले असतील, तर आधार पुन्हा १९९७ च्या प्रादेशिक योजनेचा. त्यामुळे ‘प्रारूप’ की ‘मंजूर’ हा शब्द दाखल्यावर शोधाच. जुना दाखलाही चालवून घेऊ नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २० किंवा ३७ खाली मधल्या काळात फेरबदल झालेला असू शकतो.

नदी-ओढ्याकाठी एवढ्यावरही भागत नाही. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडून वेगळा तपासावा लागतो: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही, दाखल्यावर ‘रहिवास’ लिहिलेलं असलं तरी.