मारुती ८०० चं कार्बोरेटर किट: माल बरा आहे, पण चढलेली रेस त्यानं उतरत नाही

मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) इंजिनाचं कार्बोरेटर रिपेअर किट कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे स्पेअर ठेवणाऱ्या दुकानांत आजही मिळतं. बहुतेक वेळा पिशवीवर धड नावही नसतं. पेडलवर पाय नसतानाही इंजिन जोरात फिरतं, त्याला रेस चढणं म्हणतात. 'गाडी आपोआप रेस धरते, काय द्यायचं?' असं काउंटरवर विचारलं की दुकानदार हीच पिशवी पुढं सरकवतो. किट वाईट नाही. फक्त ते पेट्रोल गळती आणि ओव्हरफ्लोवरचं औषध आहे. रेस चढण्याशी त्यातल्या दोनच वस्तूंचा थेट संबंध: कार्बोरेटरखालचं पॅकिंग (बेस पॅकिंग) आणि मिक्स्चर स्क्रूची (पाय सोडल्यावर मिळणारं मिश्रण कमी-जास्त करणारा) ओ-रिंग.

आधी रेस खरंच चढलीय का ते मोजा. इंजिन पूर्ण तापलेलं, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झालेला, चोक आत, एसी आणि हेडलाइट बंद. अशा वेळी ८५० ते ९०० आरपीएम ठीक. साध्या ८०० ला आरपीएमचा काटा नाही, म्हणून बाहेरचा टॅको मीटर लागतो आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. बऱ्याच मीटरवर ४, ६, ८ सिलिंडरचे खटके असतात, ३ चा नसतो. ६ वर ठेवा आणि आकडा दुप्पट करा. ४५० दिसलं तर खरे ९००. मीटर ४ वर राहिला तर हेच इंजिन ६७५ दाखवतं. मग मेस्त्री स्क्रू आवळून ९०० 'बरोबर' करतो आणि गाडी प्रत्यक्षात १२०० वर जाते. अर्ध्या तक्रारी अशा हातानं तयार केलेल्या असतात.

पहिली तपासणी फुकटची आहे. ॲक्सिलरेटर वायर थ्रॉटलच्या (पेडलनं उघडणारी हवेची झडप) लिव्हरवरून काढा आणि लिव्हर हातानं बंद बाजूला दाबा. रेस उतरली तर कार्बोरेटर निर्दोष. वायर कोरडी पडलीय, आतून सुटलीय, रिटर्न स्प्रिंग ढिली झालीय किंवा पेडल जाडजूड मॅटमध्ये अडकलंय. वायरला तीन-चार मिलिमीटर ढिलाई हवीच. मग चोक: नॉब आत गेला म्हणजे कॅम (चोक ओढल्यावर रेस वाढवणारा तुकडा) परतला असं नाही. फास्ट आयडल स्क्रूचं टोक आणि कॅम यांच्यात उजेड दिसला पाहिजे. एसीच्या गाडीत आयडल-अपचा (एसी लागल्यावर रेस वाढवणारा) डबा एसी बंद केल्यावर मागं येतो का, तेही बघा.

आता तो बदनाम आयडल स्क्रू, पेडल सोडल्यावर थ्रॉटल किती उघडा राहील ते ठरवणारा. तो पूर्ण मोकळा करून बघा, दोन गोष्टींपैकी एक होईल. रेस तरीही खाली येत नसेल तर थ्रॉटलची पट्टी पूर्ण बसत नाहीय किंवा इंजिन दुसरीकडून हवा ओढतंय. गाडी बंद पडत असेल तर स्क्रू कुणीतरी मुद्दाम चढवलेला होता, आणि का चढवला हे शोधायला हवं. नेहमीचं कारण म्हणजे स्लो जेट (पाय सोडल्यावर, म्हणजे स्लोला, पेट्रोल देणारं बारीक भोक) चोंदलेला. स्लोला पेट्रोल पुरत नाही म्हणून थ्रॉटल उघडून ठेवतात, मग पट्टी प्रोग्रेशनच्या भोकांच्या (थ्रॉटल थोडा उघडल्यावर पेट्रोल देणारी) वर सरकते आणि इंजिन तिथलं पेट्रोल पिऊन चालतं. खूण पक्की आहे: मिक्स्चर स्क्रू (मेस्त्री त्याला सरसकट एअर स्क्रू म्हणतात) पूर्ण आत नेला तरी इंजिनाला फरक पडत नाही. असं दिसलं तर स्लो जेट काढा, क्लीनर आणि हवेनं साफ करा. तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. मग मिक्स्चर स्क्रू अलगद टेकवून दोन फेरे बाहेर, तिथून सर्वात जास्त आरपीएम येईल ती जागा शोधा, आयडल स्क्रूनं खाली आणा, आणि हे दोनदा करा. किल्ली काढल्यावरही इंजिन धडधडत राहत असेल तर तेही बहुतेकदा या उघड्या थ्रॉटलचंच पाप.

हवेची गळती शोधायला किट लागत नाही, साध्या पक्कडीला कापड गुंडाळलं तरी काम होतं. व्हॅक्यूमचा (इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या भागांना जाणारा) एकेक पाइप चिमटा. ज्याला चिमटल्यावर रेस उतरते तो चोर. बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) असलेल्या गाडीत ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आधी धरा. त्यावर रेस उतरली तर बूस्टरमधला रबरी पडदा (डायफ्राम) गेलाय, आणि तो प्रश्न रेसचा राहत नाही, ब्रेकचा होतो. कार्बोरेटरच्या बुडाभोवती आणि मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रे बाटलीनं थोडं पाणी मारा, गाडी क्षणभर अडखळली की जागा सापडली. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारणारे लोक आहेत. त्यांचं धाडस त्यांच्यापाशी. पीयूसीची पावतीही फेकू नका. बीएस-२ (प्रदूषणाचं मानक) च्या आधीच्या चारचाकीला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ३ टक्के आहे. सीओ अगदी कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) मात्र चढलेलं दिसलं तर इंजिन पातळ मिश्रणावर मिसफायर करतंय, म्हणजे संशय पुन्हा हवेच्या गळतीवर.

आता पिशवी उघडू. नीडल आणि सीट (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी जोडी): चांगली, किटचा अर्धा पैसा इथंच वसूल. वरच्या झाकणाचं पॅकिंग: चालतं, पण एकदाच. बेस पॅकिंग पातळ कागदी असतं आणि ते कार्बोरेटरची वाकलेली फ्लँज (बुडाची सपाट कड) झाकू शकत नाही. नट वर्षानुवर्षं जोर लावून आवळले की फ्लँजचे कान खाली वाकतात, मध्ये फट राहते. स्टीलची पट्टी आडवी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घाला. ०.१ मिलिमीटरची पात शिरली तर जाड काचेवर एमरी पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करा. कार्बोरेटरखालचा बेकेलाइटचा इन्सुलेटरही असाच तपासा. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर रेस, असं असेल तर सुरुवात इथूनच करा. पॅकिंगला शेलॅक किंवा सिलिकॉन थापू नका, पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि तुकडे आत जातात.

काही किटमध्ये जेटही येतात. जुन्यावरचा आकडा जुळला तरी मूळ जेट शाबूत असेल तर तोच ठेवा, नव्याची घडाई भरवशाची नसते.

पंपाचं रबर आणि ओ-रिंग हा किटचा सर्वात कच्चा भाग. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे (आपल्याच उसाची कृपा), आणि जुन्या धाटणीचं काळं रबर त्यात फुगतं किंवा कडक होतं. ओ-रिंगचा व्यास कॅलिपरनं मोजा, झाकणाच्या काचेच्या बरणीत पंपाच्याच पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. डोळ्यांना कळेल इतकी वाढली तर टाकून द्या आणि तेवढी ओ-रिंग विटॉनची (पेट्रोल-इथेनॉलला टिकणारं रबर) घ्या. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळं मिश्रण थोडं पातळही होतं, त्यामुळं पूर्वी खपून जाणारी बारीक गळती आता रेस अडखळवून स्वतःची ओळख देते.

किटमध्ये मुळीच नसलेली गोष्ट म्हणजे थ्रॉटल शाफ्टचं बुश (थ्रॉटलची दांडी ज्यात फिरते ती नळी). लिव्हर धरून शाफ्ट वर-खाली हलवा. खेळ जाणवला आणि शाफ्टच्या टोकावर पाणी मारल्यावर इंजिन अडखळलं, तर दहा किटं घातली तरी रेस स्थिर होणार नाही. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याचं. पितळेचं बुश बसवल्यावर दोन्ही बाजू एकाच रीमरनं एका रेषेत काढायला सांगा, नाहीतर शाफ्ट जड होतो आणि थ्रॉटल अर्ध्यात अडकतो. पट्टीचे स्क्रू परत बसवताना टोकं ठोकून पसरवायला विसरू नका. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो.

टायमिंगला (ठिणगी पडायची वेळ) शेवटी हात लावा. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप चुकून मॅनिफोल्डच्या नळीला लागला असेल तर स्लोलाच ॲडव्हान्स मिळतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते, आणि रेस चढते. पाइप काढून नळी बंद केली आणि रेस उतरली, तर पाइपची जागा चुकलीय. हे सगळं टाळून तशीच गाडी आंबा घाटात उतरवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: रेस १५०० वर राहिली की इंजिन गाडीला पुरेसं मागं धरत नाही, जास्त भार ब्रेकवर जातो.

किटला पाचपैकी तीन. पेट्रोल गळत असेल, फ्लोट ओव्हरफ्लो होत असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त रेससाठी निघाला असाल तर त्याच काउंटरवर आधी दोन मीटर व्हॅक्यूम पाइप, चार क्लिपा आणि विटॉनच्या ओ-रिंग मागा. किट घेतलंच तर जुनं बेस पॅकिंग खिशात घालून न्या आणि भोकं जुळतात का ते दुकानातच बघा, कारण एकदा उघडलेली पिशवी परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो.